एक चाक काळं, एक चाक लख्ख

नळाला पाणी कधी येणार याचं वेळापत्रक तोंडपाठ ठेवणाऱ्या सोलापुरात गाडी धुणं हे मनावर घेऊन करायचं काम. त्यामुळे धुऊन चार दिवस होत नाहीत तोच पुढची चाकं पुन्हा काळी दिसली की जीव जळतो. रस्त्यावरची धूळ इथे मातकट असते, मग ही काळी, बोटाला चिकटणारी पावडर येते कुठून? आणि यायचीच, तर चारही चाकांवर सारखी का येत नाही?

ती रस्त्यावरून येत नाही, तुमच्याच ब्रेकमधून गळते. पाईप हातात घेण्याआधी दोन मिनिटं तिच्याकडे नीट बघा. चाक न खोलता ब्रेकच्या आतली खबर देणारी दुसरी कुठलीच गोष्ट इतकी स्वस्त नाही.

लोखंड, तेही ओळखीचं

डिस्क ब्रेकची चकती ओतीव लोखंडाची असते, कारखान्याच्या भाषेत 'ग्रे आयर्न'. हे लोखंड सोलापूरला परकं नाही. किर्लोस्कर फेरसची फाउंड्री इथेच आहे. १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ओतीव लोखंडाचे कॅमशाफ्ट इथून परदेशी मोटार कंपन्यांना पाठवते. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइटच्या बारीक पापड्या विखुरलेल्या असतात. त्या उष्णता झटकन पसरवतात, थरथर गिळतात आणि थोडं वंगणाचं कामही करतात. स्टीलपेक्षा ठिसूळ असूनही ब्रेकला हेच लोखंड लागतं, ते या गुणांमुळे.

ब्रेक दाबला की फक्त पॅड झिजतो असा आपला समज असतो. डिस्कही झिजते. त्या काळ्या पावडरीत लोखंडाचे कण, त्यांचा गंज, ग्राफाइट आणि पॅडमधली जळकी राळ एकत्र असते. खात्री करायची तर चिमूटभर पावडर कागदावर घ्या आणि कागदाखालून चुंबक फिरवा. पावडर त्याच्या मागे पळते.

काही गाड्यांची अलॉय चाकं कितीही धुतली तरी त्यावर नारिंगी ठिपके राहतात. ते असेच लोखंडाचे गरम कण, चाकाच्या लॅकरमध्ये रुतून तिथेच गंजलेले. युरोपीय घाटणीच्या गाड्यांची चाकं जपानी घाटणीच्या गाड्यांपेक्षा लवकर काळी पडतात, कारण त्यांच्या पॅडमध्ये धातूचा अंश जास्त असतो. ब्रेक कडक लागतो, डिस्क जास्त खरवडली जाते. महागडी गाडी घेऊन चाकं मात्र सारखी काळी, ही तक्रार घेऊन शोरूममध्ये भांडायला जायचं कारण नाही.

काजू आपण खातो, टरफल ब्रेकला जातं

आता यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट. एका पॅडमध्ये दहा-वीस जिन्नस असतात. बांधून ठेवायला फिनॉलिक राळ, म्हणजे जुन्या बेकेलाइटच्या घराण्यातली. बळकटीला स्टीलची लोकर किंवा अ‍ॅरामिडचे धागे. घसरण सांभाळायला ग्राफाइट. भर घालायला बॅराइट हे जड खनिज, ज्याचा जगातला एक मोठा साठा आंध्र प्रदेशात, मंगमपेटला आहे. आणि याच यादीत काजू.

गर नव्हे, टरफल. कोकणात ज्याने काजूच्या बिया भाजल्या किंवा फोडल्या आहेत त्याला त्या टरफलातलं तेल माहीत असतं. बोटांना लागलं की कातडी सोलून निघते. हे तिखट तेल फॉर्मल्डिहाइडबरोबर शिजवून घट्ट करतात, दळतात आणि ती पूड ब्रेकच्या मिश्रणात घालतात. या धंद्यात तिला 'फ्रिक्शन डस्ट' म्हणतात. ती घातली की पॅड थोडा मऊ राहतो, किंचाळत नाही, आणि थंड असतानाही त्याची पकड बरी राहते. काजूच्या टरफलाच्या तेलाचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे हे ब्रेकवालेच. वेंगुर्ल्याहून आलेली काजूची पिशवी डिकीत आणि त्याच झाडाच्या जातकुळीतलं काहीतरी पुढच्या चाकात, असा प्रवास अनेकांनी नकळत केला असेल.

एका ब्रेकात दीड लिटर पाणी

पुणे महामार्गावर माणसं-सामानासकट १,२०० किलोची गाडी तासाला १०० किलोमीटरने चालली आहे, आणि समोर ट्रॅक्टर दिसला म्हणून तुम्ही ती पूर्ण थांबवलीत. गाडीच्या अंगातली साधारण ४६० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडली, त्यातली बहुतेक ब्रेकमधूनच. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचं दीड लिटर पाणी खळखळा उकळेल. दहा-पंधरा कटिंगचं आधण म्हणा, आणि तेही चार-पाच सेकंदांत.

वेग निम्मा, म्हणजे ५० केला तर उष्णता निम्मी नाही, पाव होते. वेग १२० केला तर १०० च्या मानाने ती ४४ टक्क्यांनी वाढते. पॅड जास्त टिकवण्याचा याहून सोपा उपाय कुठल्याही दुकानात मिळत नाही.

थांबताना गाडी नाक खाली घालते, वजन पुढे सरकतं. म्हणून ब्रेकचं साठ-सत्तर टक्के काम पुढची दोन चाकं करतात, आणि काळीही तीच होतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात. त्यांची पावडर डब्यात साठून राहते, बाहेर दिसत नाही इतकंच.

चाकं वाचायची कशी

इथे जरा थांबू, कारण खरा मुद्दा हाच आहे.

पुढची दोन्ही चाकं सारखीच काळी आणि मागची कमी, हे निरोगी गाडीचं लक्षण. मागेही डिस्क असलेल्या नव्या गाड्यांत मागचे पॅडही पुढच्यांच्या बरोबरीने झिजलेले सापडतात. तिथे हलक्या ब्रेकिंगचा वाटा इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच मागे ढकलत असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

पुढचं एक चाक दुसऱ्यापेक्षा उघड काळं असेल तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नसावा. पाय काढल्यावरही पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो. अशा गाडीचं अ‍ॅव्हरेज गुपचूप घसरतं, त्या चाकापाशी जळकट वास येतो, आणि थोडं अंतर चालवून उभी केली की त्या चाकाची धग बाकीच्या तिघांपेक्षा जास्त जाणवते. हात चाकाजवळ न्यायचा, डिस्कला लावायचा नाही. शंभर-दोनशे अंश म्हणजे साधी गोष्ट असते तिथे.

याहून फसवं असतं ते एकच लख्ख चाक. बघणारा खूश होतो, 'हे तर धुवायलाच नको.' पण त्या चाकाचा ब्रेक कदाचित कामच करत नाही, आणि त्याच्या वाटणीचं काम समोरचं चाक एकटं ओढतंय. जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती ज्या बाजूला ओढते तिकडचा ब्रेक जास्त लागतोय आणि दुसरीकडचा झोपलाय.

आता चाक खोलल्यावर. छोट्या गाड्यांच्या कॅलिपरला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीला, बहुतेक एकच पिस्टन असतो, तोही फक्त आतल्या बाजूला. पॅड मात्र दोन. मग बाहेरचा पॅड कोण दाबतं? पिस्टन आतला पॅड डिस्कवर टेकवतो, आणि त्याच्याच प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. ही सरक म्हणजे सगळी मेख. तिथे ग्रीस वाळलं, रबराची टोपी फाटली, बारीक धूळ शिरली की पिन जाम. ब्रेक सुटल्यावरही कॅलिपर मागे सरकत नाही आणि बाहेरचा पॅड डिस्कवर रेंगाळतो. बाहेरचा जास्त घासलेला दिसला तर आधी पिना बघायच्या.

आतला जास्त घासला असेल तर बोट पिस्टनकडे. पिस्टन मागे घ्यायला कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीची चौकोनी काठाची रबरी रिंग दाबाने किंचित पिळवटते आणि पाय काढला की पुन्हा सरळ होते. ती सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्याही अंशाने मागे खेचते, बस्स. एवढ्यावर सगळं चाललेलं असतं. रिंग कडक झाली किंवा पिस्टन गंजला की तो पुढे जातो, मागे येत नाही.

पॅड तिरपा घासला, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ, तर दोन पिनांपैकी एकच जाम आहे, किंवा पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये गंजून अडकलेत. आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसला तर फक्त नवे पॅड घालून गाडी सोडणारा मिस्त्री तुमचं काम अर्धवट करतोय. नवा पॅडही तसाच घासणार. थोडा तिरपेपणा मात्र चालतो. डिस्क फिरत ज्या टोकाकडून पॅडखाली शिरते ते टोक स्वभावतःच किंचित जास्त झिजतं. ड्रममध्येही दोन लायनरपैकी पुढचा जास्त झिजतो, कारण फिरणारा ड्रम त्याला स्वतःच आत ओढून घेतो. सगळाच असमतोल म्हणजे रोग नव्हे.

आणि एक लपलेला चोर: रबरी होजपाईप. बाहेरून ठणठणीत, आतून फुगलेला. पाय दाबला की जोर लावून ब्रेक ऑइल पुढे जातं, पाय काढला की परतीची वाट बंद. कॅलिपर बदलला, पिना बदलल्या, तरी एकच चाक तापतंय, अशी केस आली की अनुभवी मिस्त्री होजकडे बघतो. पिनांना लावायचं ग्रीसही वेगळं असतं, सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच बनवलेलं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं, आणि ज्या दुखण्यासाठी ते लावलं तेच दुखणं पुन्हा येतं.

गप्प राहणारी घंटी

पॅड संपत आला की डिस्कला टेकून किरकिरणारी एक छोटी पत्र्याची पट्टी अनेक पॅडना असते. नव्या पॅडचा घासायचा थर साधारण दहा-बारा मिलिमीटर, आणि दोन-तीनवर आला की ही पट्टी बोलते. युक्ती छान आहे. पण बऱ्याच गाड्यांत ती दोघांपैकी एकाच पॅडला असते, बहुधा आतल्या. मग बाहेरचा भराभर संपला तर? घंटी गप्प, आणि एके दिवशी लोखंडावर लोखंड. 'आवाज आला की बदलू' म्हणणाऱ्यांसाठी ही बातमी वाईट आहे.

दुसरी घंटी असते बॉनेटखाली. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे सरकतात आणि ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते. ती उतरली म्हणून कुणीतरी भाबडेपणाने काठोकाठ भरतं. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की ते सगळं उसळून बाहेर, थेट रंगावर. ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं. शिवाय ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ चं ताजं ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० लाच. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, डबा भरलेला दिसत असला तरी.

पॅडच्या कडेवरचा निकाल

नव्या पॅडच्या कडेला बारीक अक्षरांचा कोड छापलेला असतो. त्याच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ, जीजी, ईई अशी. पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं गरम झाल्यावरच्या. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' ०.३५ ते ०.४५, 'जी' त्याच्याही वर. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर तो पॅड ढेपाळतो. खोक्यावरच्या वाघ-सिंहाच्या चित्रापेक्षा ही दोन अक्षरं बघितलेली बरी.

चांभार, खेडूत आणि घाटकोपर

ब्रेकला अस्तर लावायची कल्पना कुठल्या इंजिनिअरची नाही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याची मोटार मानहाइमहून फोर्ट्सहाइमला घेऊन गेली. मोटारीतला हा पहिलाच लांबचा प्रवास. उतारांवर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. पुढे इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने डर्बीशायरच्या डोंगरात गाड्या हाकणारे खेडूत ब्रेकला जुन्या बुटांचे तुकडे लावताना पाहिले आणि १८९७ मध्ये ब्रेक अस्तरांचा धंदा काढला. तीच 'फेरोडो'. डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये घेतलं, पण त्याचा तांब्याचा पॅड असा काही किंचाळायचा की पन्नासेक वर्षं कुणी फारसं वळून बघितलं नाही. १९५३ मध्ये जग्वारने डिस्क ब्रेक लावून ल मांची शर्यत मारली आणि हवा फिरली.

फेरोडोचं नाव महाराष्ट्रातही पोचलं. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता. तीच कंपनी नंतर हिंदुस्तान कंपोझिट्स झाली आणि आता तिचे कारखाने पैठण आणि भंडाऱ्याला आहेत.

या इतिहासात एक काळी बाजू आहे आणि ती हसून सोडण्यासारखी नाही. विसाव्या शतकाचा बराच काळ ब्रेकची अस्तरं अ‍ॅस्बेस्टॉसची होती. उष्णतेला अजिंक्य, फुप्फुसाला घातक. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यात जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलं, कारण हा आजार दशकांनी डोकं वर काढतो. आज चांगले पॅड अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त असतात, पण जुन्या गाडीत किंवा बिननावाच्या स्वस्त लायनरमध्ये काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस नसला तरी ती पावडर छातीत भरण्यासारखी नाहीच. म्हणून ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने फुर्रर्र करून पावडर उडवायची गॅरेजांची सवय वाईट. ओल्या फडक्याने पुसायची किंवा ब्रेक क्लीनर मारायचा. शेजारी चहा घेऊन उभ्या असलेल्या बारक्या पोरासाठी तरी.

सोलापूरचं ऊन निर्दोष आहे

'आपल्याकडच्या उन्हात पॅड लवकर जातात' हे आसरा चौकापासून जुन्या पूना नाक्यापर्यंत कुणीही सांगेल. पटत नाही. शंभर-दोनशे अंशांत रोज काम करणाऱ्या पॅडला बाहेर ३४ आहे की ४४, याने फारसा फरक पडत नाही. उन्हाने हाल होतात ते रबराचे, टायरचे, टोप्यांचे. टोपी तडकली की मग धूळ आत, आणि पुढची गोष्ट वर सांगून झाली आहे.

इथला खरा शत्रू ती कोरडी, बारीक माती. जिल्ह्यात वर्षाला पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणातल्या गाडीचे ब्रेक गंजाने अडकतात, सोलापूरकडच्या गाडीचे धुळीने. त्यात ऊसतोडीचे महिने. राज्यात साखर कारखान्यांच्या संख्येत वरच्या रांगेत असलेल्या या जिल्ह्यात दिवाळीनंतर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री दिव्याशिवाय रस्त्यावर उतरतात, आणि तुमचा उजवा पाय सतत ब्रेकच्या काठावर राहतो. काहींचा तर पेडलवरच. मागून येणाऱ्याला विचारा, तो सांगेल की तुमचा ब्रेक लाइट मोहोळपासून पेटलेलाच आहे.

गतिरोधकांबद्दल काय बोलावं? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरने सुखात ओलांडता येईल असा. तसा एखादा सापडला तर कळवा.

भूभाग मात्र मेहेरबान. पुण्याकडे जाताना सपाट मैदान. ब्रेकची परीक्षा व्हायची ती तुळजापूरच्या घाटात किंवा मुंबईला जाताना बोरघाटात. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर पॅडमधली राळ तापून वायू सोडते, पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी थांबेना अशी वेळ येते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम कारलाही लागू आहे.

डिस्क सहसा वाकत नाही

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं की निदान ठरलेलं: 'डिस्क वाकली.' बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. पॅडचा पातळ थर डिस्कवर चढणं हे खरं तर ब्रेकच्या फायद्याचं असतं. तो थर एकसारखा न बसता ठिकठिकाणी जाड बसला किंवा डिस्क कमी-जास्त झिजली की थरथर येते. जोरदार ब्रेकनंतर तापलेल्या पॅडने डिस्क घट्ट धरून सिग्नलला उभं राहिलात तर नेमका तसाच ठसा उमटू शकतो. नवे पॅड घातल्यावर पहिल्या दिवशी पन्नास-साठवरून दहा-पंधरावर, पूर्ण न थांबता, मधे थोडं चालवत, मवाळ ब्रेक काही वेळा मारतात ते हा थर सारखा बसावा म्हणून. गॅरेजमधून निघाल्याबरोबर पोरांना ब्रेक 'दाखवायला' कच्चकन थांबवू नका.

पावसाच्या रात्रीनंतर सकाळी डिस्कवर दिसणारा नारिंगी गंज मात्र काहीच नाही. पहिल्या दोन-तीन ब्रेकांत साफ होतो.

धूर गेला, पावडर राहिली

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ लागू झालं. ते सायलेन्सरमधून काय निघतं ते मोजतं, चाकातून काय निघतं ते नाही. ब्रेकच्या कणांना कायद्याने पहिली मर्यादा घातली ती युरोपच्या 'युरो ७' ने: साध्या कारला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण विजेवरच्या कारला ३. विजेच्या गाडीला कमी का, तर ती मोटर जनित्रासारखी चालवून वेग कमी करते, पॅड अधूनमधूनच लागतात. इतके अधूनमधून की काही गाड्यांत पॅड झिजण्याआधी डिस्कच गंजते.

अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये पॅडमधल्या तांब्यावर कायदा केला, २०२५ पासून अर्ध्या टक्क्याहून कमी. कारण होतं मासे. पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात गेलेल्या तांब्याने सॅमन माशांची वास घ्यायची शक्ती मंदावते, आणि शत्रूचा वास न आलेला मासा दुसऱ्याच्या पोटात जातो. ब्रेक गाडीचा, नाक माशाचं!

आपल्या जवळचं सांगायचं तर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचं नाव आहे. हवेतले कण इथे मानकापेक्षा जास्त म्हणून. त्यात ब्रेकच्या पावडरीचा वाटा रस्त्यावरच्या मातीपुढे छोटाच असणार, पण ती माती निदान बोनेटवर दिसते तरी.

धुताना

घाटातून आल्याबरोबर तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा फवारा मारू नका, लोखंडाला तडा जाऊ शकतो. चाकं गार झाल्यावर, सावलीत धुवा. दुकानात 'आयर्न रिमूव्हर' मिळतो, तो मारला की चाकावरून जांभळट-लाल ओघळ येतात आणि शेजारी विचारतात काय झालं म्हणून. काही झालेलं नसतं, त्यातलं रसायन लोखंडाला भिडलं की तसा रंग येतो. घरचं फिनेल, अ‍ॅसिड नको, लॅकर जातं.

आणि फडकं वेगळं ठेवा. चादरीबरोबरच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, प्रत्येक घरात एखादा निवृत्त टॉवेल असतोच. तो चाकांनाच द्या. त्यात अडकलेले लोखंडाचे कण बोनेटवर फिरवले तर रंगावर ओरखडे उठतील.

शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी पॅड बदलायला गाडी द्याल तेव्हा जुने चारही पॅड मागून घ्या, आणि कुठला कुठल्या चाकाचा, आतला की बाहेरचा, हे मिस्त्रीकडून खडूने लिहून घ्या. चारही एका ओळीत मांडा. जाडी सारखी असेल तर बिल द्या आणि निघा. नसेल तर गाडी जॅकवरून खाली उतरवण्याआधी विचारा, 'पिना काढून साफ केल्या का?'